कर्नाकचं देऊळ नीट कसं बघायचं (आणि लक्सरमध्ये अजून काय बघायचं)

आपल्याकडून इजिप्तला जाणाऱ्या बऱ्याचशा ग्रुप टूरमध्ये कर्नाकला, म्हणजे लक्सर शहरातल्या प्राचीन देवळाला, दीडेक तास मिळतो, त्यातला अर्धा वेळ फोटोत जातो, आणि मग लोक परत येऊन सांगतात की खांब प्रचंड होते, ऊन फार होतं आणि तिथली सगळी देवळं सारखीच दिसतात. हे ऐकलं की मला खरंच हळहळ वाटते, कारण ती देवळं सारखी दिसतात हे बरोबरच आहे, त्यांचा नकाशाच एक आहे, आणि तो एकदा डोक्यात बसला की कुठलंही इजिप्शियन देऊळ गाइडशिवायसुद्धा उलगडत जातं. म्हणून माझा आग्रह एवढाच की देवळं कमी बघा, पण पहिलं देऊळ बाहेरून आतपर्यंत क्रमाने बघा, आणि ते पहिलं कर्नाक असू द्या.

आधी नकाशा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सगळ्यात बाहेर दोन प्रचंड उतरत्या भिंतींचं प्रवेशद्वार, त्याला पायलॉन म्हणतात. त्याच्या आत उघडा चौक, मग खांबांचा सभामंडप, मग लहान लहान होत जाणाऱ्या खोल्या आणि सगळ्यात शेवटी गाभारा. जसजसं आत जाल तसतशी जमीन हळूहळू वर चढते, छत खाली येतं आणि उजेड कमी होत जातो, हे मुद्दाम केलेलं आहे. त्यांच्या समजुतीप्रमाणे जग सुरू झालं ते पाण्यातून वर आलेल्या एका उंचवट्यावर, तो उंचवटा म्हणजे गाभारा आणि त्याच्या भोवतीचं पाणथळ रान म्हणजे सभामंडप, म्हणून तर खांब पपायरस या पाणवनस्पतीच्या देठांसारखे घडवलेत. आणि हो, हे सार्वजनिक दर्शनाचं ठिकाण नव्हतं. सामान्य माणूस फार तर सणाच्या दिवशी बाहेरच्या चौकापर्यंत यायचा. आत पुजारी असायचे, ते पहाटे गाभाऱ्याचं दार उघडायचे, मूर्तीला न्हाऊ घालायचे, वस्त्र नेसवायचे, नैवेद्य दाखवायचे आणि निघताना स्वतःच्या पावलांच्या खुणा झाडून पुन्हा दार लावायचे. आपल्याला हे समजायला काहीच जड जात नाही, युरोपियन टूरिस्टला गाइड जे वीस मिनिटं समजावत असतो ते आपल्या आजीला एका वाक्यात कळेल.

आता जायचं कसं आणि कधी. मुंबईहून कैरो, तिथून लक्सरला विमानाने साधारण एक तास किंवा रात्रीच्या ट्रेनने दहाएक तास. ऑक्टोबर ते एप्रिल हा सीझन, उन्हाळ्यात लक्सरला पारा चाळीसच्या वर असतो आणि कर्नाकमध्ये सावली फक्त खांबांची, त्यामुळे मे-जूनमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून बुकिंग करू नका, निदान घरची वयस्कर मंडळी सोबत असतील तर नकोच. देऊळ सकाळी सहाला उघडतं. तेव्हाच पोचा. क्रूझवाले आणि लाल समुद्राकडच्या हुरघाडाहून येणाऱ्या बसेस आठ-नऊनंतर आदळायला लागतात आणि मग सभामंडपात पाच भाषांतले गाइड एकाच वेळी बोलत असतात. अडीच-तीन तास हाताशी ठेवा, आवड असेल तर चार.

तिकिटाला कार्ड लागतं. मोठ्या साइट्सवर खिडकीवर आता कॅश घेत नाहीत, तेव्हा इंटरनॅशनल वापर चालू केलेलं कार्ड घेऊन जा आणि शक्य असेल तर दोन न्या, कारण एखादं कार्ड तिथल्या मशीनवर ऐनवेळी चालत नाही आणि मागे लाइन वाढत जाते. ग्रुपमधल्या एकाने सगळ्यांची तिकिटं काढली तरी चालतं. कॉलेजात शिकणारी मुलं असतील तर इंटरनॅशनल स्टुडंट कार्ड काढून घ्या, तिकीट अर्ध्यावर येतं आणि सगळीकडे मिळून ती रक्कम बरीच होते. लक्सरमध्ये चार-पाच दिवस राहून सगळंच बघणार असाल तर लक्सर पास नावाचा प्रकार आहे, तो काढायला पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो लागतो. दोन दिवसांसाठी मात्र त्याच्या नादी लागू नका.

सोबत काय न्यायचं तर टोपी, भरपूर पाणी, चांगले बूट (इथे चपला-बूट काढायचे नसतात आणि जमीन सगळी खडबडीत, वाळूची), सैल सुती कपडे, आणि दोन गोष्टी ज्या सहसा कोणी नेत नाही: एक छोटा टॉर्च आणि दुर्बीण. दुर्बीण कशाला ते खांबांपाशी सांगतो. टॉर्च यासाठी की अंधाऱ्या खोल्यांत कोरीवकाम समोरून प्रकाश टाकला तर सपाट दिसतं, पण टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून बाजूने उजेड टाकला की बोटांची नखं आणि विगमधली एकेक बटसुद्धा उठून येते. मोबाइलच्या टॉर्चने पण जमतं. मोबाइलवर फोटो काढायला वेगळे पैसे नाहीत, फ्लॅश मात्र वापरू नका. आणि ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तो देशात आणणंच बेकायदा आहे आणि एअरपोर्टवरच जप्त होतो.

आत शिरल्यावर आधी व्हिजिटर सेंटरमधलं देवळाचं मोठं मॉडेल बघा. लोक त्याच्या बाजूने तरातरा निघून जातात, पण पाच मिनिटं तिथे उभं राहिलात तर कळतं की कर्नाक हे एक देऊळ नाहीच, तो देवळांचा समूह आहे. अमुन, त्याची बायको मुत आणि मुलगा खोन्सू या देवांच्या कुटुंबाचं हे ठाणं. पहिल्या सेनुस्रेतच्या काळापासून, म्हणजे इसवीसनपूर्व विसाव्या शतकाच्या आसपासपासून, ते ग्रीक टॉलेमी राजांपर्यंत जवळपास दोन हजार वर्षं इथे कोणी ना कोणी बांधत, पाडत आणि आधीच्याचे दगड नव्या भिंतीत भरत राहिलं. बांधकाम साधारण आतून बाहेर वाढत गेलं. म्हणजे तुम्ही दारातून आत चालत जाल तेव्हा काळात मागे मागे जात असता, हे डोक्यात ठेवा, मग नावांचा गोंधळ बराच कमी होतो.

मेंढ्याच्या तोंडाच्या स्फिंक्सची रांग लागते (मेंढा हा अमुनचा प्राणी, आणि प्रत्येकाच्या पुढच्या पायांमध्ये राजाची छोटी मूर्ती आहे ती बघा), ती ओलांडून पहिला पायलॉन. रुंदी शंभर मीटरच्या वर. हा सगळ्यात नवा, नेक्तानेबोच्या काळातला, इसवीसनपूर्व चौथ्या शतकातला, आणि तो कधी पूर्ण झालाच नाही. भिंती कोऱ्या आहेत, एक बाजू दुसरीपेक्षा बुटकी आहे. आत गेल्या गेल्या उजवीकडे वळून याच भिंतीच्या मागची बाजू बघा, तिथे कच्च्या मातीच्या विटांचा एक ढिगारा टेकलेला दिसेल. तो ढिगारा म्हणजे बांधकामाचा रॅम्प. त्यावरून दगड वर चढवत होते, काम थांबलं आणि रॅम्प तसाच राहिला. हे दगड एवढ्या उंचावर नेले कसे हा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्याचं उत्तर समोर पडलेलं असताना बहुतेक ग्रुप त्याला पाठ करून सेल्फी काढत असतात!

चौकात तहारका राजाचा एक एकटाच उंच खांब उभा आहे, पूर्वी असे दहा होते. उजव्या हाताला तिसऱ्या रॅमसिसचं एक छोटं देऊळ आहे, त्यात आवर्जून जा, कारण पायलॉन, चौक, खांब, गाभारा हा अख्खा नकाशा तिथे लहान आकारात दहा मिनिटांत बघून होतो. उत्सवात देवांच्या नावा इथे टेकायच्या. नाव म्हणजे खरोखरची होडी नव्हे, होडीच्या आकाराची पालखी, तिच्यात बंद देव्हारा, आणि ती पुजारी खांद्यावर घेऊन चालायचे. ओपेतच्या सणाला अमुन, मुत आणि खोन्सू अशा नावांतून कर्नाकहून लक्सरच्या देवळात जायचे, वाटेत विसाव्याची ठिकाणं ठरलेली, दोन्ही बाजूंना लोक, गाणारे, वाजवणारे. आळंदी-देहूच्या पालख्या ज्यांनी बघितल्यात त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच उभं राहील.

मग सभामंडप. इथे कमीत कमी पाऊण तास द्या. एकूण १३४ खांब, साधारण पाच हजार चौरस मीटर जागा, मधल्या दोन ओळींतले बारा खांब जवळपास एकवीस मीटर उंच आणि बाकीचे त्यापेक्षा बुटके. मधले उंच का, तर त्या उंचीच्या फरकात दगडी जाळीच्या खिडक्या बसवल्या होत्या आणि उजेड फक्त तिथूनच आत यायचा. एक-दोन जाळ्या अजून वर शाबूत आहेत. आज छत नाही म्हणून सगळं उन्हात न्हालेलं दिसतं, मूळ मंडप मात्र काळोखाच होता, मध्ये उजेडाची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना अंधारात गेलेले खांब. मधल्या खांबांची डोकी उमललेल्या पपायरसची आहेत, बाजूच्यांची मिटलेल्या कळीची, कारण उजेड मध्ये पडतो, फूल तिथेच उमलणार. हे ज्याला सुचलं त्या माणसाला मी मनोमन हात जोडतो.

आता दुर्बीण काढा. खांबांच्या वरच्या आडव्या तुळयांच्या खालच्या बाजूला ऊन-पाऊस लागला नाही, तिथे निळा, लाल, पिवळा रंग अजून टिकून आहे. साफसफाईनंतर तर फारच छान दिसतो. पूर्ण देऊळच असं रंगवलेलं होतं, उघड्या दगडाचा पिवळट रंग हा आपण बघतोय तो, त्यांनी कधी बघितला नाही.

अजून एक गंमत इथेच करून बघा. मंडपाचा उत्तरेकडचा भाग, म्हणजे आत येताना डावीकडचा, पहिल्या सेतीने कोरून घेतला, आणि दक्षिणेकडचा त्याचा मुलगा दुसरा रॅमसिस याने. सेतीचं काम उठावाचं आहे, आकृती भिंतीतून किंचित वर आलेली, कडा मऊ, राजाच्या झिरझिरीत वस्त्रातून पाय दिसतो इतकं नाजूक. रॅमसिसचं काम आत खोदलेलं, खोल, भराभर उरकलेलं, लांबून ठसठशीत दिसणारं. दोन्ही बाजूंच्या भिंतींसमोर पाच-पाच मिनिटं उभं राहा, बाप-लेकाच्या स्वभावातला फरक कोणी न सांगता कळतो. मला स्वतःला सेती आवडतो, आणि उत्तर भिंतीवर एका पवित्र झाडाखाली बसलेल्या राजाचं नाव देव पानांवर लिहितोय ते दृश्य तर चुकवू नकाच. याच मंडपातले अकरा खांब ऑक्टोबर १८९९ मध्ये कोसळले होते, जॉर्ज लग्रँ या फ्रेंच माणसाने ते पुन्हा उभे केले, म्हणजे आज आपण बघतोय त्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची दुरुस्तीपण आहे.

भिंत वाचायची कशी ते थोडक्यात सांगतो. राजा नेहमी बाहेरून आत चालत येतोय आणि देव आतून बाहेर तोंड करून त्याला भेटतोय, त्यामुळे कुठल्याही खोलीत दिशा चुकली तर राजाची पावलं कुठे वळलीत ते बघा, गाभारा त्याच बाजूला. डोक्यावर दोन उंच पिसं असतील तर अमुन, दुहेरी मुकुट घातलेली बाई बहुतेक मुत, ससाण्याचं तोंड आणि वर चंद्र असेल तर खोन्सू. बऱ्याच ठिकाणी अमुनच्या आकृतीचा दगड खरवडून पुन्हा कोरल्यासारखा दिसेल. अखेनातेन राजाने एकाच सूर्यदेवाची पूजा सुरू केली तेव्हा अमुनचं नाव आणि रूप जिथे तिथे छिन्नीने उडवलं गेलं, आणि तो गेल्यावर पुढच्यांनी ते दुरुस्त केलं, त्याच्या या खुणा. काही दृश्यांत अमुन प्रजननाच्या देवाच्या रूपात, म्हणजे उघड उघड नग्न उत्तेजित अवस्थेत कोरलाय, मुलं सोबत असतील तर ती विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा, पेरणी आणि नवं पीक यांच्याशी जोडलेला देव आहे असं सरळ सांगितलं की पुरतं.

आणि तीन नावं ओळखायला शिकून जा, एवढं केलंत तरी ट्रिपचा आनंद दुप्पट होईल. राजाचं नाव लांबट अंडाकृती चौकटीत असतं. त्यात सूर्याचा गोल, दातऱ्या असलेली आडवी पट्टी आणि शेणकिडा एवढं असेल तर तो तिसरा थुतमोस. सूर्य, डोक्यावर पीस लावून बसलेली देवी आणि वर उचललेले दोन हात असतील तर हातशेपसुत राणी. सूर्य, तीच पीसवाली देवी आणि प्राण्याच्या तोंडाची काठी, सोबत अजून दोन-चार चिन्हं, आणि कोरीव इतकं खोल की बोटाचं पेर आत जाईल, तर बहुधा दुसरा रॅमसिस. (तिसऱ्या रॅमसिसने नावाची सुरुवात त्याचीच उचलली, त्यामुळे मेदिनेत हाबूला, म्हणजे नाइलपलीकडच्या त्याच्या देवळात, गेलात की फसायला होतं.) शाम्पोलियों या फ्रेंच अभ्यासकाने १८२२ मध्ये ही लिपी उलगडली ती अशाच चौकटीतल्या नावांपासून सुरुवात करून, रॅमसिस आणि थुतमोस त्यात होतेच. बोट मात्र घालून बघू नका, भिंतीला हात लावायचाच नाही. हाताचा घाम आणि तेल दगडात मुरतं, आणि रोज हजारो माणसं येतात तिथे आपण एकट्याने लावला तर काय होतंय असं म्हणायला जागाच नाही. २०१३ मध्ये लक्सरच्या देवळात एका परदेशी पोराने कोरीवकामावर स्वतःचं नाव कोरलं होतं, तो फोटो बघून पोटात गोळा आला होता.

मंडपाच्या पुढे ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून घडवलेले टोकदार उंच स्तंभ. पहिला लागतो तो पहिल्या थुतमोसचा, आणि त्याच्या मागचा उंच, जवळपास तीस मीटरचा, त्याची मुलगी हातशेपसुत हिचा. अस्वानच्या ग्रॅनाइटचा एकच अखंड दगड, वजन तीनशे टनांच्या वर, आणि खालच्या चौथऱ्यावर तिने लिहून ठेवलंय की खाणीतून तो काढायला सात महिने लागले. तिच्यामागून आलेल्या तिसऱ्या थुतमोसने या ओबेलिस्कच्या खालच्या भागाभोवती दगडी भिंत बांधून तो झाकला. का झाकला यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण त्या भिंतीमुळे खालचा भाग सुरक्षित राहिला. याचा जोडीदार ओबेलिस्क पडला, त्याचा टोकाचा तुकडा पवित्र तलावाच्या कोपऱ्यावर आडवा ठेवलाय. तिथे नक्की जा. जे टोक मुळात तीस मीटर वर आभाळात होतं ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे, अमुन बसलाय आणि त्याच्यासमोर पाठ करून हातशेपसुत गुडघ्यावर, देवाचे हात तिच्या मुकुटाला लागलेत. जमिनीवरून कुणालाही कधी दिसणार नाही अशा ठिकाणी इतकं कोवळं, इतकं चोख काम केलंय, ग्रॅनाइटमध्ये! बाजूलाच आमेनहोतेप तिसऱ्याचा दगडी शेणकिडा आहे आणि त्याच्याभोवती लोक फेऱ्या मारत असतात, सात मारा, नशीब उघडतं वगैरे गाइड सांगतात. ही टूरिस्टांसाठी काढलेली प्रथा आहे, जुनी नाही. मी म्हणेन त्या वेळात ओबेलिस्कचं टोक बघा.

पुढे सरळ अक्षावर ग्रॅनाइटचा गाभारा येतो, तो फिलिप अर्रिदियसच्या नावाचा, म्हणजे अलेक्झांडरच्या मागून गादीवर आलेला त्याचा सावत्र भाऊ. त्याच्या अलीकडे दोन ग्रॅनाइटचे खांब आहेत, एकावर कमळ आणि एकावर पपायरस, वरचा आणि खालचा इजिप्त. गाभाऱ्याच्या बाहेरच्या दक्षिण भिंतीवर रंग टिकलेत आणि नावेची मिरवणूक पट्ट्यापट्ट्यांनी कोरलीय, मघाशी सांगितलं ते इथे चित्रात बघा. त्याच्या मागे एकदम मोकळं मैदान लागतं, तिथे सगळ्यात जुनं देऊळ होतं, नंतरच्या लोकांनी दगड नेले. बरेच जण इथून परत फिरतात. फिरू नका! मैदानाच्या पलीकडे तिसऱ्या थुतमोसचा उत्सवमंडप आहे, अख-मेनू. त्याचे खांब वर जाड आणि खाली बारीक, लष्करी तंबूच्या लाकडी खांबांसारखे, कारण हा राजा आयुष्यभर मोहिमांवर तंबूत राहिलेला. काही खांबांवर ख्रिश्चन संतांची पुसट चित्रं पण आहेत, नंतरच्या काळात इथे चर्च होतं. आणि मागच्या बाजूला एका खोलीच्या भिंतींवर सीरियाच्या मोहिमेत बघितलेली झाडं, पक्षी, जनावरं कोरलीत. राजे शत्रूच्या डोक्यात गदा घालताना सगळीकडे दिसतात, इथे मात्र कोणीतरी परक्या मुलखातली पानं नि पिसं निरखून कोरून ठेवलीत, आणि खोलीत बहुतेक वेळा चिटपाखरू नसतं.

या अक्षाबद्दल अजून एक, २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य देवळाच्या मधल्या रेषेवर उगवतो. तेव्हाच जाणार असाल तर पहाटेची गर्दी गृहीत धरा.

परत येताना तलावाकडून वळून सातव्या पायलॉनसमोरच्या चौकात थांबा. १९०३ पासून पुढची काही वर्षं लग्रँने इथे खणलं आणि जमिनीखाली पुरून ठेवलेल्या शेकडो दगडी मूर्ती आणि सतरा हजारांच्या आसपास ब्राँझच्या वस्तू निघाल्या. देवळात जागा उरली नाही म्हणून पुजाऱ्यांनीच त्या आदराने पुरल्या होत्या. शेजारच्या भिंतीवर दुसऱ्या रॅमसिसने हिटाइट राजाशी (त्यांचं राज्य आजच्या तुर्कस्तानात) केलेल्या तहाचा मजकूर आहे, त्यांच्याशी झालेली कादेशची लढाई १२७४ ची आणि हा तह त्यानंतर पंधराएक वर्षांनी (दोन्ही इसवीसनपूर्व). त्याची हिटाइट बाजूची प्रत तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर सापडली, आणि तिची प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत लावलीय. आपली बाजू जिंकली असं दोघंही सांगत होते तरी तह झाला.

पाय दुखत नसतील तर ओपन एअर म्युझियम सोडू नका, पहिल्या चौकातून उत्तरेला वाट आहे, तिकिटाचं खिडकीवर आधीच विचारून घ्या. सेनुस्रेतचं पांढरं मंदिर तिथे आहे. हे सुटं करून तिसऱ्या पायलॉनच्या पोटात भराव म्हणून घातलं होतं, विसाव्या शतकात ते दगड काढून पुन्हा जोडलं. चुनखडीवरची त्यातली एकेक चित्रलिपी, घुबडाचं पीस न् पीस, इतकं स्वच्छ कोरलेलं मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

आता पहारेकऱ्यांबद्दल, कारण यावरून लोकांची सगळ्यात जास्त चिडचिड होते. गलाबिया (पायघोळ झगा) घातलेला एखादा माणूस खुणेने बोलावेल, इकडे या, दोरीच्या पलीकडे काहीतरी खास आहे. गेलात की तो बक्षिशी मागणार, हे ठरलेलं आहे, त्यात फसवणूक वगैरे काही नाही, पगार तुटपुंजे आहेत. जायचं नसेल तर हसून 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा, थांबून कारणं देत बसू नका. जायचं असेल तर दहा-वीस पाउंडाच्या सुट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, मोठी नोट काढलीत तर सुटे परत येत नाहीत. कधी कधी जाण्यात फायदा असतो. उत्तरेच्या टोकाला प्ताह देवाचं छोटं देऊळ आहे, तिथल्या अंधाऱ्या खोलीत सेखमेत देवीची काळ्या दगडाची सिंहमुखी मूर्ती उभी आहे, अजून तिच्या मूळ जागी, वरच्या एका भोकातून उजेड येतो. पहारेकरी दार लावून तो उजेड दाखवतो आणि त्याला दिलेली नोट अगदी योग्य ठिकाणी जाते. पण बंद केलेल्या भागात, मचाणावर, दोरीपलीकडच्या पडझडीत कोणी नेत असेल तर साफ नाही म्हणा. बाहेर घोडागाडीवाले मागे लागतील, भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि घोडा हडकुळा, जखमी दिसला तर त्या गाडीत बसू नका, टॅक्सी मिळते.

लक्सरचं देऊळ त्याच दिवशी संध्याकाळी करा, ते रात्रीपर्यंत उघडं असतं आणि दिव्यांच्या उजेडात कोरीवकाम दुपारपेक्षा चांगलं दिसतं. कर्नाकपासून तिथपर्यंतचा स्फिंक्सचा रस्ता जवळपास पावणेतीन किलोमीटरचा, नोव्हेंबर २०२१ मध्ये मोठा समारंभ करून खुला केला. दारात एकच ओबेलिस्क आहे, दुसरा १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा. आत अबू हग्गाग या सूफी संताची मशीद बघा, तिचा जुना दरवाजा हवेत लटकल्यासारखा कितीतरी वर आहे, कारण ती बांधली तेव्हा देऊळ तिथपर्यंत मातीत गाडलेलं होतं आणि तो दरवाजा जमिनीवर होता. मागच्या एका खोलीत प्राचीन भिंतींवर गिलावा करून रोमनांनी त्यांची चित्रं काढलीत. म्हणजे इजिप्शियन, रोमन, ख्रिश्चन, मुस्लिम, सगळ्यांनी याच जागी प्रार्थना केली, आणि मशिदीत आजही नमाज होते. दरवर्षी अबू हग्गागच्या उरुसाला गावातून होड्यांची मिरवणूक निघते, ओपेतच्या नावा आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्या दिवशी नाइलच्या पश्चिम काठावर जा, लोकल फेरी अगदी स्वस्तात पलीकडे नेते. तिथे हातशेपसुतच्या देवळात झुंबड असते, ते बघाच, पण एकच निवडायचं असेल तर मी मेदिनेत हाबू निवडेन. तिसऱ्या रॅमसिसचं देऊळ, कर्नाकचाच नकाशा, पण एका राजाने एका दमात बांधलेलं, त्यामुळे गोंधळ नाही. दुपारनंतर गर्दी ओसरते. दुसऱ्या चौकातल्या तुळयांखाली आणि छताला रंग आहे, आणि उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर समुद्रातून चालून आलेल्या टोळ्यांशी झालेली लढाई कोरलीय, होड्या उलटलेल्या, माणसं पाण्यात. आत चौकातल्या भिंतीवर तोडलेल्या हातांचा ढीग आणि तो मोजून लिहून घेणारे कारकून दिसतील. अंगावर येतं ते, पण बघायला हवं, नाहीतर ही देवळं म्हणजे नुसती फुलं आणि नैवेद्य असा समज होतो.

जेवणाची काळजी शाकाहारी लोकांनी फार करू नये. कोशरी (भात, मसूर, मॅक्रोनी, वर टोमॅटोचा झणझणीत रस्सा), फूल म्हणजे शिजवलेल्या वालासारख्या दाण्यांची उसळ, तामेया म्हणजे त्याच कडधान्याचे वडे, आणि गरम बलादी ब्रेड, एवढ्यावर आठवडा आरामात निघतो.

वेळ असेल तर अजून एकच देऊळ जोडा, देन्देरा किंवा एदफू. लक्सरहून उत्तरेला साठेक किलोमीटरवर देन्देराला हाथोर देवीचं देऊळ आहे, छताची काजळी काढल्यावर आतला निळा रंग वर आलाय, जिना चढून गच्चीवर जाता येतं, आणि राशीचक्राचं जे प्रसिद्ध छत आहे त्याची मूळ शिळा पॅरिसला लूव्रमध्ये गेली, इथे प्रत आहे. एदफू क्रूझवर वाटेत लागतं. होरस देवाचं हे देऊळ इसवीसनपूर्व २३७ ला सुरू झालं आणि ५७ ला पूर्ण झालं, म्हणजे एकशे ऐंशी वर्षं, आणि छतासकट जवळपास पूर्ण उभं आहे, त्यामुळे उजेडाकडून अंधाराकडे जाण्याचा जो प्रकार कर्नाकमध्ये कल्पनेने समजून घ्यावा लागतो तो इथे प्रत्यक्ष अनुभवता येतो. फक्त क्रूझच्या सगळ्या बोटी सकाळी एकाच वेळी लागतात आणि गाभाऱ्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून स्वतःची गाडी करून लक्सरहून दुपारी जा, साधारण दोन तासांचा रस्ता आहे, आणि ड्रायव्हरशी थांबण्याचा वेळ धरूनच भाडं ठरवा.